सकाळी आलेला निरोप

धुळातात्यांनी निरोप सकाळीच दिला होता, आणि तो माझ्याच हाती दिला होता. मी तो दिवस कलेपर्यंत दडवून ठेवला. पुढे विचारणा झाली तेव्हा तात्या मला दुपारनंतर भेटले असं सांगितलं. चूक एवढीच, लिहायला चार ओळी पुरल्या. पण त्या लिहायला मी पन्नाशी उलटेपर्यंत थांबलो, आणि अजूनही हात अवघडतो. कुणाच्या भीतीपोटी किंवा गैरसमजातून हे घडलं असतं तर सांगताना निदान मान वर ठेवता आली असती. मी ते कॉम्प्युटरवरच्या एका खेळासाठी केलं. तो शेवटपर्यंत न्यायचा राहिला होता, आणि मला जोडीदार सोडवत नव्हता.

अकरावीला मी बावड्याहून बारामतीला आत्याकडे राहायला आलो. आमचं घर उसाचं. वडिलांना वाटायचं, एका तरी पोरानं उसाच्या सरीतून बाहेर पडून काही शिकावं. आत्याचं घर दोन खोल्यांचं, एसटी डेपोच्या मागच्या अंगाला. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, डेपोत मेकॅनिक होते आणि आत्या ब्लाउज शिवायची. त्या घरात सतत कसला ना कसला आवाज चालू असे. गाडी मागे घेताना कंडक्टर मारायचा ती शिट्टी, स्टोव्हची फरफर, आणि या सगळ्यावर आत्याच्या शिलाई मशीनची खडखड. गळ्यात टेप आणि ओठांत टाचण्या धरून ती बोलायची, त्यामुळे तिचं रागावणंसुद्धा पुटपुटल्यासारखं वाटे. सकाळी शिळी भाकरी कुस्करून कांदा-मिरचीची फोडणी दिलेली असे. ती खाताना मामांच्या कपड्यांना येणारा डिझेलचा वास घासात मिसळायचा. आज कुठल्या डेपोत उतरलो की मला आधी भूक लागते आणि मग लाज वाटते. दोन्ही एकाच वासाला बांधलेल्या आहेत.

बिरू माझ्या वर्गात होता. मूळ वरकुट्याचा, बारामतीत वसतिगृहात राहायचा. त्याचं घर मेंढपाळांचं. पावसाळा सरला की त्याचे आईवडील मेंढरं, घोडी आणि कुत्री घेऊन पश्चिमेकडे निघत आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की परतत. मधल्या काळात ते कुठे आहेत हे कळायचं ते फक्त माणसांच्या तोंडून. मेंढरांच्या तळाला त्यांच्यात वाडा म्हणतात. आज वाडा कुणाच्या रानात बसलाय, उद्या कुठं उठणार, हे वाटेनं येणारा-जाणारा आपलं माणूस सांगत जाई, आणि तो निरोप पोचवणं हे जोखमीचं काम समजलं जाई. हे सगळं मला तेव्हा ऐकून माहीत होतं. त्याचं वजन माहीत नव्हतं.

आत्याचा बिरूवर फार जीव. पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा त्यानं इतक्या झपाट्यानं भाकऱ्या संपवल्या की आत्यानं परात बाजूला सारली. "आरं, भाकरीनं काय घोडं मारलंय तुजं? सावकाश खा की." बिरू म्हणाला, "आत्या, मेंढरामागं हुब्यानं खायची सवय हाय. बसलो की जरा जास्तच जातंय." त्या दिवसापासून वसतिगृहाला सुट्टी लागली की तो आमच्याकडेच असे. दिवाळीत तर त्याचं गावातलं घर बंदच. आत्या त्याच्यासाठी वेगळ्या डब्यात तिखट शेव करून ठेवायची आणि मी त्यातली खाल्ली की पुटपुटायची.

त्याची बहीण मंगल वरकुट्याला चुलतीजवळ राहून नववीत शिकत होती. एकदा धुळातात्यांबरोबर ती बारामतीला आली होती. धुळातात्या म्हणजे बिरूच्या वडिलांचे चुलतभाऊ, उंच, सडपातळ, लाल मुंडाशाचे. मंगल आमच्या दारात बसून आत्याच्या मशीनकडे टक लावून बघत होती. मी आणि बिरू कॉम्प्युटरबद्दल बोलत होतो तर मध्येच म्हणाली, "त्यात काय असतंय?" मी ऐटीत म्हणालो, "सगळं असतं." "सगळं म्हंजे? मेंढरं मोजतंय का?" बिरू म्हणाला, "मोजतंय की." "मग आबा न्हाय घ्यायचा. मोजलेलं आवडत न्हाय त्येला, मेंढराला नजर लागती म्हणतो." आत्या टाचण्या तोंडातून काढून हसली. जाताना मंगलनं बिरूला दरवाजाशी थांबवलं आणि माझ्यादेखत विचारलं, "दादा, धाव्वी हुईस्तोवर बोलशील न्हवं माज्या बाजूनं?" तो म्हणाला, "बोलतो. धाव्वी झाल्याबिगर कुणाला सुपारी फोडू देत न्हाय." तिला शिक्षिका व्हायचं होतं. घरात शिकलेला बिरू एकटाच, आणि आबा, म्हणजे त्यांचे वडील, त्याच्या शब्दाबाहेर जात नसत. त्या मुलीनं आपला सगळा भार त्या एका वाक्यावर टाकला होता, आणि ते मी ऐकलेलं होतं.

आता त्या खेळाबद्दल. भिगवण रस्त्याला एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर एक कॉम्प्युटर क्लास होता. सर भले होते. आम्ही झाडलोट करायची, बिलं टाईप करून द्यायची, आणि त्या बदल्यात रविवारी एक मशीन आमचं. सरांच्या भाच्यानं पुण्याहून फ्लॉपींवर एक खेळ आणला होता, तीन भागांचा. हल्लीच्या मुलांना दाखवला तर ती तोंड फिरवतील. काळ्या पडद्यावर पिवळट रेषांनी काढलेल्या भिंती आणि खाली इंग्रजी अक्षरं, बस्स. सहा जणांची टोळी करायची, योद्धे, वैदू, चोर, जादूगार, आणि त्यांना घेऊन जमिनीखालच्या अंधाऱ्या मजल्यांत उतरायचं. पहिला भाग पार केला की तीच माणसं, तेच वय आणि तेच घाव घेऊन दुसऱ्या भागात नेता येत, आणि तिथून तिसऱ्यात. आम्ही दीड वर्ष त्याच सहा जणांबरोबर चाललो होतो. आम्हाला इंग्रजी जेमतेम येत असे. एकेका शब्दासाठी शब्दकोश उघडावा लागे, पण त्यामुळे प्रत्येक वाक्य आम्ही मिळवल्यासारखं वाटायचं.

माणसांना नावं आम्हीच दिली होती. सगळ्यांना बरी करणारी ती आत्या. पुढे उभा राहून घाव झेलणारे मामा. कुलपं उघडणारा मी. आणि जादूगार मंगल, कारण बिरू म्हणाला, आमच्यात डोकं तिलाच हाय. आलेख-कागदावर मी नकाशे काढायचो. बिरूला ते लागत नसत. नव्या वळणावर तो मागे वळून बघायला लावायचा. "परतीची वाट उलट्या बाजूनं दिसती, ती आधी बघून ठिवायची," म्हणायचा. मी एकटा बसलो की हमखास वाट चुकायचो. त्याच्याशिवाय खेळ पुढे सरकत नसे, हे खरं होतं, आणि त्या रविवारी नेमकं हेच माझ्या मनात पहिलं आलं.

ती दिवाळीची सुट्टी होती. सर क्लास बंद करून पुण्याला निघाले होते. मशीनं विकली गेली होती आणि सोमवारी ती न्यायला माणूस येणार होता. बारामतीत आम्हाला रविवारभर बसू देईल असा दुसरा कुणी नव्हता. तिसऱ्या भागाचा शेवटचा मजला तेवढा उरला होता. बिरू सकाळी अंघोळ करून क्लास झाडायला पुढे गेला. आत्या शिवलेले ब्लाउज पोचवायला गेली होती आणि मामा ड्युटीवर. मी चप्पल पायात सरकवत होतो तेवढ्यात धुळातात्या दारात उभे.

"बिरू कुठाय?"

"क्लासला गेलाय, तात्या. मी तिकडंच निघालोय. बसा, चहा टाकतो."

चहा घेताना त्यांनी निरोप सांगितला. वाडा मोरगावच्या अलीकडे रस्त्याला लागूनच बसला होता. सुट्टी म्हणून मंगल आईवडिलांबरोबर वाड्यावर होती. "तिला बघायला पाव्हणं येत्यात आज. आबा म्हणला, बिरू आल्याबिगर मी तोंड उघडणार न्हाय. तवा घावंल त्या गाडीनं ये म्हणावं. ध्यानात ऱ्हाईल न्हवं, दत्ता?"

"राहील की."

"मीच गेलो असतो, पर इंदापूरची गाडी हाय माजी, मेंढरांचं औषध आणाय चाललोय. तुज्या हातात दिला म्हंजे त्येच्या हातात दिल्यागत हाय." कपबशी ओट्यावर ठेवून ते उठले. जाताना त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

क्लासपर्यंतच्या वाटेवर मी स्वतःला काय काय समजावलं ते आठवतं. आमच्या घरात मुलगी बघायला येणं म्हणजे पोहे, पत्रिका, मग मुलीच्या मामाला विचारायचं, मग थोरल्या चुलत्याचा रुसवा काढायचा. महिनोन्महिने ते चालतं. माझ्या थोरल्या बहिणीचं ऊस लावला तेव्हा सुरू झालं आणि तोडणी झाली तेव्हा ठरलं. पहिल्या दिवशी काय होणार आहे, मी म्हटलं. संध्याकाळी सांगितलं तरी बिरू रात्री पोचेल, उद्या बोलेल. चालत्या माणसांत असं नसतं हे मला कळलं नाही. त्यांच्यात दोन वाडे एका वाटेवर आले की त्याच झाडाखाली बोलणं आणि तिथंच सुपारी, कारण दुसऱ्या दिवशी हा एकीकडे जातो आणि तो दुसरीकडे, पुन्हा गाठ थेट पावसाळ्यात. पण याला मी निव्वळ अज्ञान म्हणणार नाही. 'बिरू आल्याबिगर' हे शब्द मला स्पष्ट ऐकू आले होते.

"लई उशीर केलास," बिरू म्हणाला. मशीन चालू होतं आणि पिवळ्या रेषा थरथरत होत्या. "बस. आज संपवू." मी बसलो. म्हटलं, एवढं वळण होऊ दे, मग सांगू.

वळणं होत राहिली. फ्लॉपी आत घेताना मशीन दात खाल्ल्यासारखा आवाज करायचं आणि कोपऱ्यातला स्टॅबिलायझर टकटक करायचा. तो टकटकला की आम्ही श्वास धरायचो, कारण वीज गेली की केलेलं सगळं पाण्यात. त्या दिवशी मी मनातून वीज जायची वाट बघत होतो. गेली असती तर त्याच क्षणी सांगितलं असतं, अशी मी अजून स्वतःची समजूत घालतो. एरवी दिवसातून दोनदा जाणारी वीज त्या रविवारी गेली नाही.

दुपार व्हायच्या सुमाराला शेवटच्या मजल्यावर आमच्यावर हल्ला झाला आणि मंगल मेली. म्हणजे खेळातली. नावापुढे तो इंग्रजी शब्द आला. मी म्हणालो, "राहू दे. आपण पाच जण पुढे जाऊ." बिरू माझ्याकडे वळला. "येडा हायस का? तिला मेलेली घिऊन फुडं जायचं व्हय?" मेलेल्याला उठवायचं तर सगळे मजले चढून वर गावातल्या देवळापर्यंत न्यावं लागे, आणि तिथंही नशीब फिरलं तर माणसाची राखच होई. मग परत सगळं उतरून यायचं. बिरूनं टोळी मागे वळवली. ती लांबलचक चढण तो एकेका पायरीनं चढत होता, ओठ घट्ट मिटून, बहिणीच्या नावासाठी. खऱ्या बहिणीची वेळ मोरगावच्या रस्त्यावर सरत होती, आणि मी शेजारी बसून नकाशा धरला होता. सरांच्या बायकोनं पाठवलेला चिवडा मी खाल्ला. कीबोर्डच्या कळांना तेल लागू नये म्हणून बोटं पँटला पुसली. निरोप जिभेवर होता, पण आता तो सांगायचा तर इतका वेळ का सांगितला नाही तेही सांगावं लागणार होतं. दर घटकेला ते अवघड होत गेलं. देवळात मंगल उठली तेव्हा बिरूनं टाळी वाजवली.

खेळ संपला तेव्हा खिडकीतलं ऊन तिरकं झालं होतं. पडद्यावर शाबासकीच्या काही ओळी आल्या आणि नंतर काहीच नाही. बिरूनं मला मिठी मारली. मी त्याच्या खांद्यावरून म्हणालो, "बिऱ्या, तात्या भेटले होते."

"कवा?"

सगळं त्या एका शब्दावर आलं होतं. "आत्ता. मघाशी खाली पाणी प्यायला गेलो तेव्हा." आणि मी निरोप सांगितला, तात्यांच्याच शब्दांत, एकही न गाळता. बिरू चपला हातात घेऊन जिन्यावरून पळाला. मी मागे राहिलो आणि त्या सहा जणांना कोऱ्या फ्लॉपीवर उतरवून घेतलं. हे मी केलं. त्याच्यामागे स्टँडवर गेलो नाही.

तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आला. आत्यानं ताट वाढलं, तो जेवेना. भिंतीला टेकून बोलायला लागला. आबांनी दुपार टळेपर्यंत पाहुण्यांना थांबवलं होतं. दुसरं बकरं कापलं, पुन्हा चहा केला. शेवटी पाहुणे उठायला लागले. त्यांच्यात रीत अशी, की ज्याला निरोप गेलाय आणि जो आला नाही, त्याची हरकत नाही असं धरायचं. "आबानं मंगलीला इचारलं, तुजं काय? ती म्हणली, दादा आल्यावर सांगंल. दादा आलाच न्हाय." सुपारी फुटली. रात्री बिरूनं आबांचे पाय धरले. आबा म्हणाले, "शबूद दिला, बिरू. आता माघारी घेतला तर पाव्हण्यांत मला कुणी पाणी देणार न्हाय. तू येयाचं हुतंस."

मग त्यानं मान वर करून मला विचारलं. "तात्या म्हणतोय, सकाळीच दत्ताला सांगितलं. त्येच्या घरी. चा पिला म्हणतोय."

आत्याचं मशीन थांबलं. मी म्हणालो, "नाही. दुपारनंतर भेटले. क्लासच्या खाली."

"मला वाटलंच," बिरू म्हणाला. "तात्या इंदापूरला जाताना कुठंतरी बसला असणार. आता आंगावर आलं म्हणून सकाळ सांगतोय." आपल्या चुलत्यापेक्षा त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. त्याऐवजी मला कुणी चोर म्हटलं असतं तर सोपं गेलं असतं. रविवारी घरी आल्यावर आत्याला ओट्यावर दोन कपबशा दिसल्या असणार, एक माझी, तर दुसरी कुणाची हे तिला आता कळत होतं. त्या दिवसानंतर मला वाढताना ती माझ्या तोंडाकडे बघत नसे. भाच्याला तिनं उघडं पाडलं नाही, पण माफही केलं नसावं. ती गेली तेव्हा मी परगावी होतो.

मंगल त्या सुट्टीनंतर शाळेत गेली नाही. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं आणि ती सासरच्या मेंढरांमागे चालू लागली. तात्यांना पुन्हा कुणी निरोप सांगितला नाही. त्यांच्या घरात असं तोंडावर कुणी बोलत नाही. माणूस समोर बसलेला असताना निरोप दुसऱ्याजवळ देतात, एवढंच. मी इंजिनिअर झालो, पुण्यात कॉम्प्युटरवरच पोट भरलं. बिरू इंदापूर तालुक्यात शिक्षक झाला. त्याच्या लग्नात मी आहेराला घड्याळ नेलं होतं. दर दिवाळीला तो मला फोन करतो आणि मी दरवेळी ठरवतो की आज सांगायचं. मुलं झाली, केस पांढरे झाले, तरी ठरवतच राहिलो. माझी बायको म्हणायची, बिरूभाऊंचा फोन आला की तुम्ही दोन दिवस गप्प का होता?

मागच्या वर्षी त्याचा वेगळाच फोन आला. मंगलची धाकटी मुलगी बारावी पास झाली होती आणि तिला कॉम्प्युटरचं शिकायचं होतं. "तू येऊन समजावून सांग दत्ता. आमच्यात तूच हायस त्यातला." मंगलच्या सासरच्यांनी मेंढरं विकून वरकुट्यातच डाळिंबाची बाग केली होती. मी गेलो. मुलगी चुणचुणीत. कुठल्या कॉलेजात काय शिकवतात, होस्टेलचं जेवण कसं असतं, तिनं मला उलटतपासणीसारखं विचारलं. मंगल उंबऱ्यात बसून तिच्या तोंडाकडे बघत होती. मुलगी पाणी आणायला आत गेली तेव्हा मंगल म्हणाली, "तिला शिकू द्या म्हणून मी घरात लई भांडले दत्तादादा. म्हणलं, हिच्या टायमाला मी कुणाची वाट बघत बसणार न्हाय."

मी सांगितलं. बिरू शेजारीच बसला होता. चहा, कपबशा, 'तुज्या हातात दिला म्हंजे', तो खेळ, दुपारचं खोटं, दुसऱ्या दिवशीचं खोटं. बिरूनं ऐकून घेतलं, उठला आणि अंगणात जाऊन पाठमोरा उभा राहिला.

मंगलनं विचारलं, "कसला खेळ हुता?"

"सहा जणांची टोळी असते. अंधारात उतरायचं, लढायचं."

"आन् मग?"

"मग तो संपतो."

"संपला का?"

"संपला."

तिनं मान हलवली, जणू एखाद्या परक्या गावची गोष्ट ऐकली. मग म्हणाली, "मला वाटायचं दादानंच टाळलं. आबाफुडं बोलायला नगं म्हणून तात्याचं निमित्त केलं. लई वर्सं राखी न्हाय बांधली मी त्येला." बाहेर उभ्या बिरूचे खांदे हलले. मी म्हणालो, "मंगल, मला माफ कर." माझे हात जोडलेले होते आणि ते खाली घ्यावेत की नाही मला कळत नव्हतं.

"माजं मी बघीन," ती म्हणाली. "माफ करायचं का न्हाय ते मला इचार करू द्या, घाई नगं. आदी उठा. तात्या हाय अजून."

ती पुढे चालली, मी मागे आणि माझ्या मागे अंतर ठेवून बिरू. गल्लीच्या टोकाला लिंबाखाली खाटेवर धुळातात्या बसले होते, मुंडाशाऐवजी डोक्याला पंचा. अंगणात बायका शेंगा फोडत होत्या. मंगल ओरडली, "तात्या, बारामतीचा दत्ता आलाय! आत्याच्यातला!"

"कोण?"

"दत्ता!"

त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. ओळख पटली तसा चेहरा मिटला. मी खाटेशी वाकून त्यांच्या कानाशी बोलायला लागलो. एकट्यालाच ऐकू जावं इतक्या हळू. त्यांनी हात कानामागे धरला. "ऐकाय येत न्हाय. मोठ्यानं बोल." मी थोडा आवाज चढवला. "येत न्हाय रं." मंगल माझ्या शेजारी उभी होती. तिनं काही सुचवलं नाही, पण ती हललीही नाही. शेंगा फोडणारे हात थांबले होते, समोरच्या ओट्यावरची माणसं मान वळवून बघत होती. मी सरळ उभा राहिलो आणि पुण्यात राहून विसरलेल्या माझ्या गावच्या बोलीत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडलो, "तात्या, तुमी निरोप सकाळीच दिला हुता! माज्या हातात दिला हुता! मी बिरूला सांगितला न्हाय, खेळत बसलो, आन् तुमच्यावर ढकललं! तुमचं काय बी चुकलं न्हवतं! मंगलची शाळा माज्यामुळं सुटली! मला माफ करा, तात्या!"